सारजाला आणायला गेलो होतो

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या थंडीत, नाताळ आटोपल्यावर, मी आणि रत्ना शिवाजीनगर स्टँडवरून नगरच्या एस.टी.त बसलो. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत आमचे कपडे थोडे आणि लहान मुलीचे जास्त. रत्नाने आठवडाभर शेजारणीच्या मशीनवर बसून फ्रॉक शिवले होते. मुलीला तिने पाहिलंही नव्हतं, म्हणून प्रत्येक फ्रॉक थोडा मोठ्या मापाचा होता.

आम्ही मुलगी घरी आणायला निघालो होतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. औषधं झाली, डॉक्टर झाले. रोज दिवेलागणीला आम्ही दोघं प्रार्थनेला बसायचो आणि रत्ना देवाजवळ मूल मागायची. तिचं मागणं मोघम नसायचं. मुलगी दिलीस तर तिचं नाव कृपा ठेवीन, तिला पेटी शिकवीन, पहिल्या नाताळात तिला पांढरा फ्रॉक घालीन, असं सगळं ती देवाला सांगायची. मी डोळे मिटून ऐकायचो. शेवटी आमच्या पाळकसाहेबांनी कोल्हारच्या पलीकडल्या एका मिशनच्या बालगृहाची माहिती काढली. तिथे दुष्काळात आलेली एक पोर होती. आई वारलेली, बापाचा दीड वर्षात पत्ता नाही. ते चालवणाऱ्या मार्थाबाईंचा निरोप आला, 'या, चार दिवस राहा, मुलीला तुमची सवय होऊ द्या. कोर्टाचं पुढे पाहू.' रत्नाने निरोप ऐकला आणि तशीच गुडघ्यांवर बसली. आमची प्रार्थना ऐकली गेली, याबद्दल आम्हा दोघांच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती.

मी मूळचा नगर जिल्ह्यातलाच. वडील खेडोपाडी फिरणारे उपदेशक होते आणि माझं शिक्षण नगरच्या बोर्डिंगात झालं. त्यामुळे घोडनदी ओलांडून गाडी जिल्ह्यात शिरली की मला अजूनही खिडकीतून डोकं बाहेर काढावंसं वाटतं. आदल्या वर्षी याच रस्त्याने आलो होतो तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं खडी फोडत बसली होती. बायकांच्या डोक्यावर ओले फडके, पोरांच्या हातात सुकडीच्या (दुष्काळी कामावर मिळणाऱ्या गोडसर पिठाच्या) वाट्या. यंदा तिथेच ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. खडीचे ढीग मात्र तसेच होते, आणि त्यांच्यावर वेल चढले होते.

सुप्याच्या अलीकडे टायर बसला. ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं. बाभळीच्या सावलीत एक म्हातारी रत्नाच्या शेजारी येऊन टेकली. लुगड्याच्या ओच्यातून तिने मूठभर हुरडा (ज्वारीची भाजलेली कोवळी कणसं चोळून काढलेले दाणे) काढून रत्नाच्या तळहातावर ठेवला.

"कुटं चाललीस गं बाई?"

"कोल्हारला."

"माहेर व्हय?"

"नाही आजी. लेक आणायला चाललेय."

म्हातारीला वाटलं, लेक आजोळी राहिली असेल. "घिऊन ये, घिऊन ये," ती म्हणाली. "लेकराबिगर घर म्हंजी नुसत्या भिंती."

रत्ना हसली. एरवी असं कोणी बोललं की ती दोन दिवस गप्प व्हायची. त्या दिवशी तिने तो सगळा हुरडा चवीने खाल्ला आणि गाडी सुरू होईपर्यंत म्हातारीला फ्रॉकांचे रंग सांगत बसली.

नगरला दुसरी गाडी मिळायला वेळ होता. मी रत्नाला आमच्या बोर्डिंगच्या कुंपणापर्यंत नेलं. आत पोरं विटीदांडू खेळत होती. त्या आवारातल्या कडुनिंबाखाली आम्ही ताटल्या घेऊन ओळीने बसायचो, वडील महिन्यातून एकदा सायकलवर भेटायला यायचे आणि धोतराच्या सोग्यात बांधून बोरं आणायचे. मी एकदा परीक्षेसाठी प्रार्थना करा म्हणून त्यांच्यामागे लागलो होतो. ते म्हणाले होते, "करतो. पण तू पास व्हावास, एवढंच मागणार नाही. तुझं भलं व्हावं असं मागेन. दोन्ही एकच असेल तर उत्तम." मला त्या वेळी ते अजिबात आवडलं नव्हतं. कुंपणाशी उभं राहून मी रत्नाला हे गंमत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मामंजी फार सावध होते." आम्ही दोघंही हसलो आणि स्टँडकडे परतलो.

राहुरीनंतर जमिनीचा रंगच पालटतो. कालव्याचं पाणी, उसाचे फड, पेरूच्या बागा, आणि हवेत गुऱ्हाळाचा गोड धुरकट वास. उसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगेमागून आमची गाडी गोगलगाईसारखी सरकत होती. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला तेव्हा उन्हं कलली होती. नदीत पाणी होतं. मागच्या वर्षी तिथे नुसती वाळू आणि झिऱ्यांभोवती घागरींच्या रांगा होत्या, असं टांगेवाल्याने सांगितलं. त्याच्या टांग्यातून बेलापूरच्या दिशेने कच्च्या रस्त्याने हादरे खात आम्ही बालगृहाशी पोचलो.

बैठी कौलारू इमारत, पुढे अंगण, एका बाजूला छोटं देऊळ. आमच्याकडे चर्चला खेड्यात देऊळच म्हणतात. मार्थाबाई फाटकातच उभ्या होत्या. उंच, पांढरं लुगडं, कमरेला किल्ल्या. त्यांच्या मागे पदराला धरून एक पोर उभी होती. तीनेक वर्षांची असेल. सावळी, केस भुरके, गुडघ्याला खरूज भरून आल्याचा डाग.

रत्ना तिच्यासमोर उकिडवी बसली. "तुझं नाव कृपा, बरं का."

पोरीने तिला खालून वर नीट न्याहाळलं. "मी सालजा," ती म्हणाली.

"सारजा," मार्थाबाई हसून म्हणाल्या. "बापाने सोडताना तेवढंच सांगितलं होतं."

पुढचे तीन-चार दिवस कसे गेले ते मला आजही लख्ख आठवतं, आणि आठवलं की बरं वाटतं. पहिल्या दिवशी सारजा रत्नाकडे फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या हातून मिलोची (त्या काळी रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीची) भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मग तिने रत्नाच्या बांगड्यांचा ताबा घेतला. रविवारी उपासनेत ती रत्नाच्या मांडीवर झोपली. तबला-पेटीवर भजनं चालली होती, माणसं टाळ्यांनी ठेका धरत होती, आणि रत्ना गात नव्हती. मांडी हलू नये म्हणून ताठ बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिथल्या पाळकांनी आमच्यासाठी उपकारस्तुती केली. इतकी वर्षं मागितलेलं देवाने योग्य वेळी दिलं, असं ते म्हणाले, आणि सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाबाहेर एक माणूस येऊन बसला. बंडी, खोचलेलं धोतर, हातांवर उसाच्या पाल्याने कापल्याच्या रेघा. शेजारी उसाची दोन कांडकी. बराच वेळ तो आत नुसता पाहत होता. रत्ना अंगणात सारजाची वेणी घालत होती. केस एवढेसे, त्यांची वेणी कसली, पण घालत होती.

मार्थाबाई बाहेर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "तिचा बाप आहे," त्या हळूच म्हणाल्या.

त्याचं नाव आश्रुबा. पाथर्डीच्या पलीकडच्या कोरडवाहू गावातला. बायको खडीच्या कामावर तापाने गेली. पोर इथे सोडून तो ऊसतोडीला लांब गेला, तिथेच आजारी पडला, मग गावाकडे पावसाळ्यात मिळेल ते काम केलं. यंदा त्याची टोळी याच भागात आली होती आणि मुकादमाने बाजारासाठी सुट्टी दिली, म्हणून तो चालत आला होता. हे सगळं त्याने व्हरांड्याच्या पायरीवर बसून सांगितलं. मार्थाबाईंनी खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही.

"सारजे," त्याने हाक मारली.

पोर रत्नाच्या पाठीमागे लपली.

"वळकत न्हाई," तो म्हणाला. "कशी वळकल?"

मार्थाबाईंनी त्याला आमच्याबद्दल सांगितलं. पुण्याची माणसं आहेत, नोकरी आहे, घर आहे, मूल नाही. त्यांनी काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. तो ऐकत होता. मग त्याने सारजाच्या अंगावरच्या फ्रॉककडे पाहिलं, रत्नाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंग घिऊन जा बाई तुमी. मी काय देनार हाय तिला? आता मी अर्धा कोयता हाय." टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते. जोडी फुटली की उरलेला माणूस अर्धा. "कोपीत (पाचटाच्या झोपडीत) एकटं लेकरू कसं ठिवू? तिकडं गावाला माझी म्हतारी हाय, तिला नीट दिसत न्हाई. तुमच्याकडं सुखात ऱ्हाईल."

मार्थाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला. खरं सांगायचं तर फाटकाशी तो दिसल्यापासून पोर हातची जाणार असं मला वाटत होतं, आणि आता बापानेच आपल्या तोंडाने हो म्हटलं होतं. यापेक्षा स्पष्ट उत्तर देवाने तरी कसं द्यावं?

रत्ना म्हणाली, "तुम्ही आधी जेवून घ्या, दादा." तिने त्याला स्वतः वाढलं. मग सारजाला मार्थाबाईंकडे दिलं आणि मला म्हणाली, "चला, नदीवर जाऊन येऊ."

प्रवरा तिथून हाकेच्या अंतरावर होती. काठावर कोणी कपडे धूत नव्हतं, गुरंही नव्हती. रत्ना खडकावर बसली आणि मी प्रार्थनेला सुरुवात केली. आभार मानले, मुलीबद्दल, बापाने मन मोठं केल्याबद्दल. मी आमेन म्हणणार एवढ्यात ती म्हणाली, "थांबा. असं नको."

"काय झालं?"

"तो जेवताना तिच्याकडे बघत होता. तुम्ही पाहिलं नाही?"

"रत्ना, त्याने स्वतः सांगितलं, घेऊन जा. आपण कोणाकडून हिसकावून घेत नाही. इतकी वर्षं आपण हेच मागितलं."

"मागितलं," ती म्हणाली. "रोज मागितलं. पण तुला काय हवंय, असं देवाला विचारलं एकदा तरी?"

मला राग आला. मी म्हणालो, देवाची इच्छा काय आकाशातून लिहून येणार आहे का? दार उघडलं की आत जायचं, एवढंच माणसाला कळतं. ती माझ्याशी वाद घालत बसली नाही. पदर डोक्यावर घेऊन बसून राहिली. कधी तिचे ओठ हलायचे, कधी थांबायचे. मला वाटतं, आधी तिने पुन्हा मूलच मागितलं असावं, कारण तिच्या मुठी घट्ट होत्या. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही आधी हा दुःखाचा पेला टळो असंच मागितलं होतं; पण माझं नको, तुझ्या मनासारखं होवो, हे त्यापुढचं सांगण्याआधी वडील दरवेळी थांबायचे आणि घोटभर पाणी प्यायचे. बऱ्याच वेळाने तिच्या मुठी सुटल्या. पैलतीरावर बगळे उतरले होते. ती उठली, तोंडावर पाणी मारलं.

"काय ठरवलंस?" मी विचारलं.

"मी काही ठरवलं नाही. तिच्या बापाला एक विचारायचंय. तो जे सांगेल त्यावर."

आश्रुबा जेवून पायरीवरच बसला होता. उसाचं कांडकं दातांनी सोलून त्याचे करवे (छोटे तुकडे) तो शेजारी मांडत होता. सारजा चार हात लांब उभी राहून पाहत होती. रत्ना त्याच्यासमोर खालीच बसली.

"दादा, तिला आमच्याकडे सुख मिळेल की नाही, ते नका सांगू. तुम्हाला ती हवी आहे का?"

त्याने मान वर केली. त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नसावा. मग तो दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. "हवी हाय म्हून काय करू बाई?" एवढंच त्याचं चाललं होतं. "हवीच हाय की. तिच्या मायचं तेवढंच ऱ्हायलंय."

रडणाऱ्या माणसाला पाहून सारजाने भोकाड पसरलं आणि रत्नाच्या कमरेला मिठी मारली. रत्नाने तिला उचललं नाही. हात फक्त तिच्या डोक्यावर ठेवला. तिला उचलून न घेण्यासाठी तिने काय सोसलं, ते मी शेजारून पाहत होतो. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी आत गेलो आणि आश्रुबासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आलो. दुसरं काही मला सुचलं नाही.

मार्थाबाई मात्र सहजासहजी ऐकेनात. "अगं, मी स्वतः तुझ्यासाठी मागत होते," त्या रत्नाला म्हणाल्या. "लेकरू उसाच्या फडात जाणार. हीच का देवाची इच्छा?"

"फडात नको जायला," रत्ना म्हणाली. "तोडीच्या दिवसांत तुमच्याकडे राहू दे. एरवी बापाकडे. बालगृह कशासाठी आहे, मार्थाबाई?"

मार्थाबाईंनी किल्ल्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "त्याने बाजाराच्या दर सुट्टीला यायला हवं. मी गय करणार नाही." आश्रुबा उठून त्यांच्या पाया पडायला वाकला, तशा त्या दोन पावलं मागे सरल्या.

आम्ही आणखी थोडे दिवस राहिलो. पोरीने बापाला ओळखायला हवं होतं आणि ते रत्नाशिवाय होणार नव्हतं. बैलगाडीने आम्ही तिला टोळीच्या कोप्यांवर घेऊन जायचो. पाचटाच्या त्या कमानी, पुढे तीन दगडांची चूल, बैलांपुढे टाकलेलं वाढं (उसाचा हिरवा शेंडा). संध्याकाळी फडावरून काळवंडलेली माणसं यायची. टोळीतल्या बायांनी आम्हाला गरम बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला, त्यावर काकवी. तिखट आणि गोड एकदम. तशी चव मला परत कुठे मिळाली नाही. रत्ना आश्रुबाला सांगायची, हिला भाकरीचा पापुद्रा आवडत नाही, झोपताना हिच्या पाठीवर थापटावं लागतं, तबल्याचा ठेका धरल्यासारखं. तो लक्ष देऊन ऐकायचा आणि पुन्हा विचारायचा. सारजा आधी त्याच्या हातून करवा घेऊन पळायची, मग तिथेच उभी राहून खाऊ लागली.

निघायच्या सकाळी तो फाटकाशी आला होता. फडावर जायला त्याला उशीर होत होता. रत्नाने ट्रंक उघडून सगळे फ्रॉक मार्थाबाईंच्या स्वाधीन केले. "मोठे आहेत, पुढे पुरतील," ती म्हणाली. मग टांग्याकडे वळली. सारजा आश्रुबाच्या खांद्यावर बसून ऊस चोखत होती. रस त्याच्या कानावरून गळत होता. आम्ही जात आहोत हे तिला कळलं नाही. कळलं असतं तरी त्या क्षणी तिला ऊस जास्त महत्त्वाचा होता.

आश्रुबा रत्नाला म्हणाला, "ताई, वर्साला येत जावा. मला भन न्हाई."

आम्ही गेलो. दरवर्षी गेलो. सारजा तिथेच शिकली, पावसाळ्यात बापाकडे, आजीकडे राहिली, मोठी झाली. तिच्या लग्नात पाथर्डीच्या त्या माळावर, मंडपात, नात्याने आत्याचा नवरा असूनही नवरीच्या पाठीशी मामाच्या जागी मी उभा होतो. आम्हाला मात्र मूल झालं नाही. हे सांगितलं की काही जण थांबून राहतात, पुढे काहीतरी असेल म्हणून. पुढे काही नाही. आता रत्नाही नाही. पण कोल्हारच्या पुलावरून गाडी गेली की मला त्या थंडीतली ती सगळी माणसं आठवतात, आणि त्या दिवसांत परत जाता आलं तर मी यातलं काही बदलणार नाही, असं वाटतं.

त्या वेळी पुण्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या चाळीतल्या बायका दारात ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. शेजारची मशीनवाली सर्वांत पुढे. रत्ना पायऱ्या चढून वर आली आणि म्हणाली, "नाही आणली. तिचा बाप आला." शेजारणीला रडू कोसळलं. रत्नानेच तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला जवळ घेतलं.

मग आम्ही आत गेलो, कंदील लावला आणि रोजच्यासारखे प्रार्थनेला बसलो. रत्ना काय मागेल याची मला भीती वाटत होती. तिने सारजाचं नाव घेतलं. तिच्या पाठीवर थापटायला आश्रुबाच्या हाताला बळ दे म्हणाली. पाथर्डीकडल्या म्हातारीच्या डोळ्यांसाठी मागितलं, मार्थाबाईंसाठी मागितलं. मग ती थांबली. इतक्या वर्षांत त्या जागी नेहमी आमचं मागणं यायचं.

"आणि आमचं तुला ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि उठून भात टाकायला गेली.